आठपैकी चार मिळालेला निबंध

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि लेकीचा निबंध चारदा. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. लेक नववीत, मराठी माध्यम. तुम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी केलीत आणि आता भाड्याच्या घरात राहताय. शाळेत विषय मिळाला 'जुने घर बोलू लागले तर...' आणि तिने लिहिलं काय, तर खोली सोडायच्या आदल्या रात्री बाबा भिंतीतले खिळे काढत होते ते. आठपैकी चार मार्क, खाली लाल शाईत शेरा, 'विषयाला सोडून. घराचे मनोगत हवे होते.' तरी पोरगी खूश आहे, वही उशाशी घेऊन झोपते, म्हणते आजवर लिहिलेलं हे माझं सगळ्यात चांगलं आहे. मिस्टरांनी मोबाईलवरच्या एआय ॲपमधून तो 'सुधारून' घेतलाय आणि शाळेच्या वार्षिक अंकाला तोच पाठवायचा म्हणतायत. तुम्ही विचारताय की निबंध खरंच चांगला आहे की मला आई म्हणून तसं वाटतंय, कुठला पाठवायचा, आणि हे असं लिहीत राहिली तर दहावीला काय होणार.

मी ३१ वर्षं मराठी शिकवतेय, आधी कुर्ल्याला आणि नंतर परळला. वर्षाला पाच-सहाशे निबंध तरी डोळ्याखालून जातात. त्या भरवशावर सांगते, निबंध चांगला आहे. तुम्हाला आई म्हणून वाटतंय ते वाटू दे, पण मी तुमच्या लेकीला ओळखत नाही आणि मलाही तेच वाटलं.

आता का ते सांगते, कारण नुसतं 'छान आहे' म्हटलं तर त्याचा तिला काही उपयोग नाही. तिच्या निबंधातला हा तुकडा बघा, तिच्याच शब्दांत देते:

"बाबा पक्कडीने खिळे काढत होते आणि मी श्रीखंडाच्या डब्यात टाकत होते. एकूण त्रेचाळीस निघाले. एका खिळ्याबरोबर मोठा पोपडा निघाला. वरती आकाशी होतं, आत पोपटी आणि त्याच्या आत गुलाबी. आजी म्हणाली हा गुलाबी आत्याच्या लग्नाचा. दारामागच्या खिळ्याला आम्ही काय अडकवायचो ते कोणालाच आठवेना. आजी म्हणाली, ह्यांची डब्याची पिशवी. आजोबा मला आठवत नाहीत. तो खिळा बाबांनी काढला नाही."

शेवटची तीन वाक्यं परत वाचा. बाबांना वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, कंठ दाटून आला असलं काहीही तिने लिहिलेलं नाही. बाबांनी खिळा काढला नाही एवढंच लिहिलं आणि थांबली. हे मी तिला शिकवू शकले नसते, कोणीच शिकवू शकत नाही, ती त्या रात्री डबा हातात घेऊन तिथे उभी होती म्हणून हे आलं. आणि त्रेचाळीस बघा. 'खूप खिळे' असं तिला सहज लिहिता आलं असतं. पण ज्याने बीडीडीची १६० चौरस फुटांची खोली पाहिलीय त्याला तो आकडा वाचल्याबरोबर आख्खं घर दिसतं, कारण तिथे जमीन अंथरुणाला लागते आणि बाकी संसार भिंतीवर टांगलेला असतो, छत्र्या, दप्तरं, पिशव्या, कॅलेंडर, देवाची फळी, लग्नातला फोटो, सगळं. त्रेचाळीस खिळे म्हणजे त्या घरातल्या तीन पिढ्या कशा राहिल्या त्याचा हिशोबच आहे. हे तिला ठाऊक असेल नसेल, पण तिने मोजले आणि मोजलेले लिहिले.

आता ॲपने सुधारलेलं बघा. त्यात याच जागी आलंय, 'त्या भिंती आमच्या कुटुंबाच्या असंख्य सुखदुःखांच्या मूक साक्षीदार होत्या.' व्याकरण चोख आहे, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. पण हे वाक्य गिरगावातल्या मुलीचं असू शकतं, सांगलीतल्या मुलाचं असू शकतं, पन्नास वर्षांपूर्वीच्या निबंधमालेतलंही असू शकतं. आणि गंमत म्हणजे सगळं गेलं हो त्यातून, पक्कड गेली, श्रीखंडाचा डबा गेला, आत्याच्या लग्नाचा गुलाबी गेला. खिळा तर नाहीच. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, त्यांना वाटलं लेकीचं नाव अंकात छापून येणार तर ते नीटनेटकं यावं, पण त्यांना एवढं सांगा की त्यातून निघून गेलेला खिळा त्यांनी स्वतः न काढलेला आहे. मला वाटतं त्यांना पटेल.

आणि अजून एक, जास्त महत्त्वाचं. ते सुधारलेलं छापून आलं तर लेकीला ते आपलं वाटणार नाही. आत्ता ती वही उशाशी घेते कारण त्यातलं प्रत्येक वाक्य कुठून आलं ते तिला माहितीय. छापलेल्या अंकातलं पान ती मैत्रिणींना दाखवेल, कौतुक होईल, पण आतून तिला कळलेलं असेल की माझं होतं ते यांना पुरेसं वाटलं नाही. मी अशी मुलं पाहिलीत. वक्तृत्वाला वडिलांनी लिहून दिलेलं भाषण घोकून पहिला नंबर आलेला एक मुलगा मला आठवतो, बक्षीस घेऊन खाली उतरला आणि कोणी अभिनंदन केलं की म्हणायचा पप्पांनी लिहिलंय. तर पाठवायचा तिचाच.

बाईंच्या चार मार्कांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. 'घर बोलू लागले तर' म्हटलं की आत्मकथन आलं, म्हणजे 'मी' म्हणून घराने बोलायला हवं, आणि तुमच्या लेकीच्या निबंधात घर एक अक्षर बोलत नाही. एका वर्गात साठ मुलं, तीन वर्ग, वह्या तपासायला ऑफ तास आणि रविवार, त्यात बाईंनी प्रकार बघितला, प्रकार चुकला, मार्क कापले. मीही असे कापलेत. फक्त मी त्या शेऱ्याच्या शेजारी अजून एक ओळ लिहिली असती.

ती ओळ का, हे सांगायला मला माझ्या शाळेत जावं लागेल, जरा लांबेल पण ऐका. मी लालबागची, वडील मिलमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख माणूस घरी बसला, तेव्हा मी सातवीत होते. थोड्या दिवसांनी शाळेत निबंध दिला 'घड्याळे बंद पडली तर'. ठरलेला विषय. सगळ्यांनी ठरलेलं लिहिलं, लोकल वेळेवर येणार नाहीत, शाळेची घंटा वाजणार नाही, ऑफिसात गोंधळ उडेल, शेवटी वेळेचं महत्त्व. मला ते सुचेना कारण आमच्या घरी घड्याळच नव्हतं. आमचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. भोंगा झाला की आई चूल... म्हणजे स्टोव्ह पेटवायची, दुसरा झाला की वडील जिना उतरायचे, पाळी सुटल्याचा झाला की आम्ही खेळ थांबवायचो. आणि संप झाल्यापासून भोंगा वाजत नव्हता. तर मी लिहिलं, 'आमच्याकडे घड्याळ नाही. आमचा भोंगा होता तो बंद पडला आहे.' आणि मग अर्धं पान कसंबसं काहीतरी.

आमच्या बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मग आई वेळ कशी बघते?'

बस एवढंच. शाबासकी नाही, चूक म्हणून गोल नाही. एक प्रश्न. मी घरी जाऊन दोन दिवस आईकडे बघत बसले. आई वेळ बघायची समोरच्या चाळीच्या सावलीवरून, सावली आमच्या गॅलरीच्या कठड्यावर चढली की भात टाकायची, आणि पहाटेची वेळ तिला कळायची नळाच्या पाण्यावरून. हे मी आयुष्यभर बघत होते पण मला दिसलं त्या समासातल्या प्रश्नामुळे. मी आणखी एक पान लिहिलं. शाळेत लिहिलेल्या शेकडो पानांतलं तेवढंच एक पान मला अजून माझं वाटतं, त्यासाठीच मी पुढे मराठीची बाई झाले म्हटलं तरी चालेल.

म्हणून मुलांच्या लिखाणात सुधारणा म्हणजे मी फार करून एवढंच करते, प्रश्न विचारते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कुर्ल्याला शिकवत होते आणि शाळा परत सुरू झाल्यावर मुलांना त्याच पावसावर लिहायला सांगितलं. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं त्या मुलांनी लिहिलं काय, 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले', 'मुंबापुरी जलमय झाली'. पेपरातली वाक्यं! एका मुलाला जवळ बोलावून विचारलं, तुझ्या घरात पाणी कुठवर आलेलं? म्हणाला मोरीच्या कट्ट्यावरून पलंगावर. म्हटलं मग कागदपत्रं? तर अगदी सहज म्हणाला, आईने रेशनकार्ड आणि आमचे शाळेचे दाखले कुकरात घातले, रिंग लावून झाकण लावलं आणि कुकर माळ्यावर ठेवला. मी म्हटलं बाळा हे लिही की. तो म्हणाला, बाई हे पण लिहायचं असतं का?

हा प्रश्न मला गेली वीस वर्षं सोडत नाही. मुलांना वाटतं की निबंधात जे लिहायचं ते दुसरीकडे कुठेतरी असतं, गाईडमध्ये, क्लासच्या नोट्समध्ये, आता मोबाईलमध्ये, आणि घरातला कुकर हा काही निबंधाचा माल नाही. तुमच्या लेकीला हे कोणी न सांगता कळलेलं आहे. म्हणून म्हणते जपा.

जपा म्हणजे हात लावू नका असंही नाही हं. निबंधात चुका आहेत आणि अंकाला पाठवायच्या आधी त्या तिने काढायला हव्यात, तिनेच, तुम्ही पेन हातात घ्यायचं नाही. 'खिडकित' लिहिलंय तिथे 'खिडकीत' हवं, 'पाणि' चं 'पाणी'. 'आणि' सारखे थोडे अपवाद सोडले तर मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ असतो एवढं लक्षात ठेवलं की तिच्या निम्म्या चुका जातील. 'भूरकट' मध्ये उलटं झालंय, भु ऱ्हस्व. 'मूलांना' लिहिलंय, मूल दीर्घ पण मुलांना म्हटलं की ऱ्हस्व होतो, चूल-चुलीवर, वीट-विटेवर, तसंच. मध्ये एक वाक्य सात ओळींचं आहे, 'आणि मग' 'आणि मग' करत गेलंय, ते तिला मोठ्याने वाचायला सांगा, जिथे तिचा श्वास संपेल तिथे ती आपोआप पूर्णविराम देईल. डोळ्यांनी वाचून हे कळत नाही, तोंडाने वाचावं लागतं.

बाईंनी 'होतं', 'निघालं' यांना गोल केलेत आणि 'होते', 'निघाले' असं वर लिहिलंय. याबद्दल तिला खरं काय ते सांगा म्हणजे उगाच न्यूनगंड येणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ पासूनचे जे लेखनाचे नियम शाळेत चालतात त्यांच्यातच म्हटलंय की पात्राच्या तोंडचं बोलणं असेल किंवा तशा बोलीत ललित लिहायचं असेल तर 'केलं', 'म्हटलं' असं अनुस्वार देऊन लिहावं, एरवी 'केले', 'म्हटले'. म्हणजे तिचं 'होतं' हे अशुद्ध नाही, जागेचा प्रश्न आहे. अंकासाठी पाठवताना सगळीकडे 'होतं' ठेवू दे, तिचा आवाज त्यात आहे, फक्त अर्ध्यात 'होतं' आणि अर्ध्यात 'होते' असं नको. परीक्षेत मात्र 'होते', आणि आजीच्या तोंडी असेल तेव्हा 'होतं'.

आता खरी दुरुस्ती. निबंधाची पहिली दोन आणि शेवटची तीन वाक्यं तिची नाहीत. सुरुवात केलीय 'घर म्हणजे मायेचा निवारा' अशी आणि खिळ्यानंतर, त्या एवढ्या सुंदर खिळ्यानंतर, लिहिलंय 'घर म्हणजे नुसत्या चार भिंती नसून' वगैरे वगैरे. तिला शिकवलंय की प्रस्तावना आणि समारोप लागतोच, म्हणून बिचारीने चिकटवलं. पण हे तुम्ही खोडू नका, तिला खोडायला सांगूही नका. एक करा, संध्याकाळी तिच्या शेजारी बसा आणि तिला म्हणा प्रत्येक वाक्यावर बोट ठेव आणि सांग, हे तू पाहिलंस का, ऐकलंस का, की कुठून आलं. 'बाबा पक्कडीने' वर ती हो म्हणेल, 'आजी म्हणाली' वर हो म्हणेल, 'मायेचा निवारा' वर थांबेल. थांबली की तुम्ही गप्प बसायचं. काढायचं की ठेवायचं ते तिचं. ठेवलं तरी हरकत नाही, पुढच्या वर्षी काढेल.

आणि समासातला प्रश्न म्हणून मी तिला एक विचारते, माझ्यातर्फे द्या: त्या डब्याच्या पिशवीचा रंग कोणता होता? हे तिला माहीत नसणार. आजीला माहीत असेल. तिने आजीसमोर बसून आख्खा निबंध वाचून दाखवावा आणि मग हे विचारावं. वाचताना आजी मध्येमध्ये थांबवेल, म्हणेल अगं गुलाबी नाही तो अबोली होता, किंवा पोपटी तुझ्या बाबाच्या दहावीच्या वर्षीचा. तेही लिहून घेऊ दे. पाहुण्यांसमोर मात्र वाचायला लावू नका, मुलांना लाज वाटते आणि मग त्यांना ते लिखाणच नको होतं.

दहावीचं सांगते, त्याची तुम्ही फार धास्ती घेतलीय. मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० मार्कांची, त्यात उपयोजित लेखन २४, आणि त्यातला निबंध म्हणाल तर ८. त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यातलं एक निवडायचं असतं. तुमच्या लेकीने डोळे झाकून प्रसंगलेखन घ्यावं, तो तिचाच प्रांत आहे. बाकी पत्र, बातमी, जाहिरात, सारांश याचे साचे ठरलेले आहेत, ते दोन महिन्यांत सरावाने बसतात, त्यात स्वतःचं फार घालायचं नसतंच. आत्मकथन करायचंच झालं तर युक्ती सोपी आहे, जे पाहिलंय तेच ठेवायचं आणि बोलणारा बदलायचा. 'मी दारामागचा खिळा. माझ्यावर रोज पहाटे एक पिशवी चढायची आणि उतरायची.' बघा, त्याच सामानात आत्मकथन झालं. हे तिने वेगळ्या कागदावर सराव म्हणून जरूर करावं, बाईंना दाखवावं, आणि बाई बघा मार्क वाढवून देतील की नाही. पण अंकाला पाठवायचा तो मूळचा, बाबा पक्कड घेऊन उभे असलेला. संपादक मंडळातल्या शिक्षकांनी विचारलं तर वरचं शीर्षक बदलू द्या, 'त्रेचाळीस खिळे' ठेवलं तरी चालेल, विषयाला सोडून हा प्रश्नच उरत नाही मग.

शेवटचं. माझं ते १९८२ चं पान माझ्याकडे नाही. संप लांबत गेला, घरात पैसा नव्हता, त्या वर्षीच्या सगळ्या वह्या मे महिन्यात रद्दीत गेल्या, मीच पिशवी उचलून दुकानापर्यंत नेली होती आणि मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता त्यातली दोन-तीन वाक्यं आठवतात, बाकीचं काय लिहिलं होतं ते आठवत नाही, बाईंचं अक्षर मात्र डोळ्यासमोर आहे, तिरकं होतं. तर अंकासाठी तिने फेअर कॉपी वेगळ्या कागदावर करावी. मूळ पान वहीतून फाडू नका, कापून लॅमिनेट वगैरे करू नका, आख्खी वहीच ठेवा, लाल शेऱ्यासकट, आणि त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिला तारीख आणि जुन्या खोलीचा नंबर लिहायला सांगा.